माईचं नाव काय होतं?

तुमच्या आजेसासूबाईंचं नाव तुम्हाला सांगता येईल? सासरचं नव्हे हं, माहेरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाही, तर पाळण्यात घालताना आत्यानं कानात सांगितलेलं. दहाजणींत एखादी हात वर करील. बाकीच्या म्हणतील, "अहो, आम्ही त्यांना मोठ्या आईच म्हणत होतो." कुणाकडे जीजी, कुणाकडे वैनी, कुणाकडे माई. वंशावळ मागितली तर पुरुषांची सात-सात पिढ्यांची नावं धडाधड लिहून मिळतील आणि त्यांच्या शेजारी एकाही बाईचं नाव नसेल. जणू हे सगळे पुरुष झाडाला लागले होते!

श्राद्धाला आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं घेतात हे खरं, पण तीही सासरचीच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत शोधलं तर कधी एखादीचं सापडतं. पण तेवढा शोध घेतो कोण? मीही कधी घेतला नव्हता. घेतला तो दुसऱ्याच्या आजीसाठी, आणि तोही आपल्या नव्हे, निराळ्याच धर्माच्या स्मशानात जाऊन. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

माझं माहेर मिरजेचं, सासर साताऱ्याचं. मिरजेला आमच्या शेजारी रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं बिऱ्हाड होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. घरात मराठी बोलत, थेट आपल्यासारखी, थोडी कोकणी हेल असलेली. तिच्या आईच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. फक्त शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, आणि दाराच्या चौकटीवर एक बारीकशी नळी तिरपी बसवलेली असे. येताजाता तिला हात लावून ती बोटं ओठांना लावायची. मी विचारलं, तर मैत्रीण म्हणाली, "आत देवाचं नाव आहे." मला ते फार आवडलं होतं. मीही जाता-येता हात लावायची. कुणी कधी रागावलं नाही.

ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. १९७० साली ते कुटुंब इस्राएलला गेलं. आधी पत्रं, मग कधीमधी फोन, आणि आता मोबाइल आल्यापासून रोज सकाळी फुलांचं चित्र. मैत्री टिकली.

एका नातीचा गृहपाठ

मध्यंतरी तिचा भलत्या वेळी फोन आला. "अगं, माझ्या नातीला शाळेत घराण्याची माहिती लिहायची आहे. इकडे बारा वर्षांच्या मुलामुलींना असा अभ्यास देतात. तिला आजीच्या आजीचं नाव हवंय. माईचं नाव काय होतं गं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? आजी तुझी की माझी?"

पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तिचे आईवडील गेले. भावांना विचारलं, तर दोघंही म्हणाले, "माई म्हणजे माई." माईच्या मांडीवर ती वाढली, माईनं तिची वेणी घातली, आणि त्या बाईचं नाव जगात कुणालाच माहीत नाही! नातीच्या वहीत सगळ्या चौकटी भरल्या, एक तेवढी रिकामी. "शिक्षिका म्हणाल्या, राहू दे रिकामी," मैत्रीण म्हणाली, "पण मला नाही राहू देता येत."

माईला कोकणात, त्यांच्या मूळ गावी, पुरलं होतं एवढं तिला ठाऊक होतं. म्हणजे दगड असणार. दगडावर काहीतरी लिहिलेलं असणार. साताऱ्याहून कोकण किती लांब? मी म्हटलं, "बघते जाऊन."

आमचे हे म्हणाले, "लोक निवृत्तीनंतर काशी-रामेश्वर करतात, आपण स्मशानं करू या." पण गाडीत हवा भरून आणली त्यांनीच!

आपल्याच जिल्ह्यातले पाहुणे

तुम्ही म्हणाल, सातारा-सांगलीकडच्या बायकांना ज्यू लोकांचं काय? मलाही असंच वाटत होतं. पण वाचायला लागले आणि घराजवळच धागे सापडले. आपल्या साताऱ्याचं औंध संस्थान घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले दिवाण होते जेकब बापूजी इस्राएल, बेने इस्राएल समाजातले. पुढं त्याच औंधात मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधल्या वॉर्सा शहराचा ज्यू इंजिनिअर आला. गांधीजींचा अनुयायी झाला, भारतानंद हे नाव घेतलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्यामागं त्याचीही खटपट होती. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, जिथं कैद्यांना भिंतींशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू दिलं, ही कल्पनाही त्याचीच. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आज सांगली जिल्ह्यात आहे. या वसाहतीवरूनच व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली निघाला, आणि त्याची कथा आटपाडीकडच्याच ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला, पण त्यामागचा माणूस कुठला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बेने इस्राएल मात्र पाहुणे नव्हेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणवासी. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं वाहून आली, ती नवगावला पुरली. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनवार तेली'. ज्या गावात राहिले त्या गावाला 'कर' लावून आडनावं झाली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर. (म्हणूनच माझ्या मैत्रिणीच्या गावाचं नाव मी इथं सांगत नाही. सांगितलं तर आडनावच सांगितल्यासारखं होईल!)

त्यांच्यातले हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा सविस्तर इतिहास लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला, त्यांच्या मागं कितीतरी वर्षांनी. जहाज फुटलं ते इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, असं केहीमकरांचं मत. इतर अभ्यासक निराळे काळ सांगतात. पण सण, सोयरीक, स्वयंपाक यांच्या ज्या नोंदी आज मिळतात, त्यांतल्या पुष्कळ अशाच घरच्या माणसांनी केलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा समाज भारतात वीस हजारांच्या आसपास होता. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झालं आणि पुढच्या वर्षांत बहुतेक घरं तिकडं गेली. आता इथं काही हजार लोक उरले. तिकडं गेल्यावरही सगळं सोपं नव्हतं बरं का! तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी यांच्या ज्यूपणावरच शंका काढली, लग्नं अडली. धरणी धरली, उपोषणं केली, तेव्हा कुठं १९६४ साली इतरांच्या बरोबरीनं मान्यता मिळाली. माणसं गेली, पण थडगी कुठं जाणार? ती कोकणात राहिली.

वाचायला शिकले

आधी पुण्याला गेले. लष्करातलं लाल देऊळ तुम्ही पाहिलं असेल. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं ते प्रार्थनामंदिर १८६७ साली पुरं झालं, आणि १८६४ साली वारलेल्या ससूनसाहेबांची कबर त्याच आवारात आहे. ससून बगदादचे. बेने इस्राएल मंडळींचं पुण्यातलं प्रार्थनामंदिर रास्ता पेठेत आहे, १९२१ सालचं.

पुण्यात त्याच समाजातल्या एका वृद्ध बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून हिब्रू दगड कसा वाचायचा ते शिकवलं. दोन दुपारी पुरल्या. तुम्हालाही सांगते, कारण हे वाटतं तितकं अवघड नाही.

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. दगडावर वर बहुतेक दोन अक्षरं सुटी असतात, पे आणि नून. म्हणजे 'इथं पुरलेलं आहे.' मग नाव, आणि नावापुढं 'बेन' असेल तर मुलगा, 'बत' असेल तर मुलगी. मी तिथंच थांबवलं त्यांना. "म्हणजे बाईच्या नावापुढं वडिलांचं नाव?" त्या म्हणाल्या, "हिब्रूत असंच लिहितात. देवाच्या दारी ती कुणाची तरी मुलगीच असते ना?"

मग साल. तिथं आकडे नसतात, अक्षरांनाच किंमत असते. अक्षरांची बेरीज करायची. पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, धरून चालतात. आलेल्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन. त्यांचं नवं वर्ष आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास लागतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वजा करायचा. आपल्या बाजूनं मराठी शक लिहिला असेल तर त्यात ७८ मिळवायचे, हे आपल्याला माहीतच आहे. आणखी एक, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपला सूर्योदयाला. म्हणून रात्री गेलेल्या माणसाची तिथी पुढची धरतात.

शेवटी खाली पाच सुटी अक्षरं: ताव, नून, त्सादी, बेत, हे. त्यांचा अर्थ ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. अर्थ असा, की या व्यक्तीचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. गाठोडं! आणि हा आशीर्वाद मुळात एका बाईच्या तोंडचा. त्यांच्या धर्मग्रंथात अबीगेल नावाची बाई आहे, उर्मट नवऱ्याची शहाणी बायको. नवऱ्यानं दावीदाचा अपमान केला. दावीद चारशे माणसं घेऊन चालून आला. तेव्हा ही बाई नवऱ्याला न विचारता दोनशे भाकऱ्या गाढवांवर लादून सामोरी गेली आणि रक्तपात टाळला. त्या वेळी ती दावीदाला हे बोलली. आज जगभरच्या ज्यू थडग्यांवर तिचे शब्द आहेत. वाचणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल, की हे एका गृहिणीचं बोलणं आहे?

बिरड्याचा धागा

नाव नाही, तर शोधायचं कशावरून? मी मैत्रिणीला म्हटलं, "माई गेली तेव्हाचं तुला जे आठवतं ते सांग. काहीही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाल भिजवलेले होते. मोड आले होते. पण त्या दिवशी ते कुणी सोललेच नाहीत. मी एकटीच माजघरात बसून सालं काढत होते, आणि कुणी मला उठवलं नाही."

अहो, एवढंच हवं होतं! बेने इस्राएल लोकांच्या सणांना मराठी नावं आहेत, आणि त्यांत एक आहे बिरड्याचा सण. त्यांचं जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याच्या शोकाचा तो दिवस, आव महिन्याची नवमी. उपास धरायचा आणि संध्याकाळी वालाच्या बिरड्यानं सोडायचा. आव म्हणजे साधारण आपला आषाढ-श्रावण. म्हणजे माई बिरड्याच्या सणाच्या एक-दोन दिवस आधी गेली. साल? "आपण पहिलीत होतो. शाळा नुकती सुरू झालेली." म्हणजे १९५९. स्वयंपाकघरातली आठवण होती म्हणून तारीख मिळाली. पुरुषांना विचारलं असतं तर बदलीचा हुकूम कधी आला ते सांगितलं असतं.

मग तिकडच्या एका गावातल्या प्रार्थनामंदिराच्या वृद्ध राखणदारांना भेटले. आधी फोन करून, शनिवार आणि त्यांचे सण टाळून गेले. त्यांनी कपाटातून मयतांची जुनी वही काढली. कसर लागलेली. १९५९ चं पान निघालं. आव महिन्याची आठवी तिथी. आणि पुढं काय लिहिलेलं असावं? माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं पूर्ण नाव, आजोबांचं नाव, गाव, आणि मग 'यांची आई'.

बस्स. वर-खाली पाहिलं. पुरुषांची नावं बापासकट, आज्यासकट. बायका मात्र अमक्याची बायको, तमक्याची आई. मी राखणदारांना म्हटलं, "काका, बाईला नावच नाही का?" ते ओशाळून म्हणाले, "लिहिणारे पुरुष होते, ताई." काय बोलणार! आपल्या वह्यांत तरी निराळं काय आहे?

गावाबाहेरचे दगड

गाव पेण-अलिबागच्या मधलं. आम्ही महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, माणगाव करत गेलो. दिवस माघाचे. अशा कामाला हेच दिवस बरे. पावसानंतर गवत कमरेइतकं असतं, आणि विंचू-साप वेगळेच.

आधी नवगाव पाहून घेतलं. तिथं ज्यांची प्रेतं वाहून आली असं सांगतात, त्यांच्या पुरल्याच्या जागा आहेत. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. एकाही नावाशिवाय. जवळ स्मारक उभारलेलं आहे. समुद्राचा वारा, माडांची सळसळ. ज्यांची नावं कुणीच लिहिली नाहीत त्यांच्यापुढं उभं राहिलं की मनात कसंसंच होतं.

मैत्रिणीच्या गावची दफनभूमी भातखाचरांच्या पलीकडं, आंब्याच्या सावलीत. कुंपण पडलेलं. शेजारच्या घरातली एक बाई बाहेर आली. तिला सांगितलं, तर म्हणाली, "इस्राएल लोकांची जागा ना? या. आमच्या सासूबाईंनी सांगून ठेवलंय, इथं गुरं घालायची नाहीत." कुणी पगार देत नाही, कुणी विचारत नाही, आणि एका सुनेनं सासूचा शब्द पाळलाय! तिच्या घरी पाणी प्यायलो आणि कामाला लागलो.

काम कसं केलं तेही सांगते. दगडाला खडू, चुना, पीठ काही फासायचं नाही. तारेचा ब्रश, आम्ल, साबण तर मुळीच नाही. दगडाचं फार नुकसान होतं. आम्ही दाढीचा जुना, मऊ ब्रश नेला होता आणि साधं पाणी. झिजलेली अक्षरं समोरच्या उन्हात दिसत नाहीत. ऊन कडेनं, तिरपं पडलं की उठून दिसतात. म्हणून सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जायचं. आणि दगड सावलीत असेल तर? मी जेवणाच्या डब्याबरोबर नेलेलं स्टीलचं ताट ह्यांच्या हातात दिलं. ताटावरून ऊन परतवून दगडावर तिरपं पाडलं, की अक्षरं अशी वर येतात, की जणू आताच कोरली! एका वहीत जागेचा नकाशा काढला, रांगांना आकडे दिले, प्रत्येक दगडाचा समोरून, मागून फोटो घेतला. माईचा एकच दगड बघून निघून यायचं मनाला पटेना.

काही दगड नुसते, अक्षर नाही. काहींवर फक्त मराठी, काहींवर वर हिब्रू आणि खाली मराठी. तिसऱ्या रांगेत एक दगड अर्धा मातीत गेलेला. खालची मराठी ओळ झिजलेली, पण ताटाच्या उन्हात दोन शब्द लागले, 'यांच्या मातोश्री'. पुन्हा तेच! वरची हिब्रू मात्र खोल कोरलेली होती. मी वही काढून सालाची अक्षरं जुळवली. ताव चारशे, शीन तीनशे, योद दहा, तेत नऊ. सातशे एकोणीस. अधिक बाराशे चाळीस. १९५९!

नाव काही मला लागेना. दोन दुपारच्या शिकवणीत साल वाचण्याइतकी मजल गेली होती, झिजलेली जोडाक्षरासारखी दिसणारी नावं नाही. तिथूनच फोटो मोबाइलवर मैत्रिणीला पाठवला. आता गंमत बघा. पन्नासहून अधिक वर्षं तिकडं राहून तिला हिब्रू येतं, पण मराठी वाचायची सवय गेलेली. मला मराठी येतं, हिब्रू नाही. एकाच दगडाची वरची ओळ तिची, खालची माझी. मी फोनवर म्हटलं, "खाली तुझ्या वडिलांचं नाव आहे आणि 'यांच्या मातोश्री' म्हटलंय. वर काय आहे?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग तिनं एक नाव उच्चारलं. मग 'बत'. मग माईच्या वडिलांचं नाव. मग माईचं नाव पुन्हा, हळू, एखादी वस्तू हातात घेऊन वजन बघावं तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. इतकी वर्षं ते नाव तिच्या घरचं असून घरात नव्हतं, आता तिथंच राहू दे.

ज्यू लोक कबरीवर फुलं वाहत नाहीत, एक लहानसा खडा ठेवतात. तिच्या नावानं एक ठेवला. मग तिच्या नातीच्या नावानं एक. निघताना हातपाय धुतले. आपण स्मशानातून आल्यावर धुतो तसे त्यांच्यातही हात धुतात.

दूरचे दगड, जवळचे दगड

घरी आल्यावर वाचत बसले. त्या फ्रीडमनच्या वॉर्सा शहरात ओकोपोवा रस्त्यावर १८०६ सालची ज्यू दफनभूमी आहे, सुमारे ८० एकर. दोन लाखांहून अधिक माणसं तिथं पुरलेली. एस्पेरांतो भाषा बनवणारे डॉ. झामेनहोफही तिथंच. दुसऱ्या महायुद्धाआधी त्या शहरात साडेतीन लाखांवर ज्यू होते. नाझींनी बहुतेकांना मारलं, दफनभूमीची दफ्तरंही गेली. मग मागं राहिलेल्यांनी आणि परक्यांनीही एकेक दगड वाचून नावांची यादी नव्यानं करायला घेतली. प्राग शहरातल्या जुन्या दफनभूमीत १४३९ पासून १७८७ पर्यंतचे सुमारे १२ हजार दगड दाटीवाटीनं उभे आहेत. पुरलेल्याला हलवायचं नाही हा त्यांचा नियम, आणि जागा वाढवून मिळेना. म्हणून मातीवर माती घालून थरावर थर पुरले, काही ठिकाणी बारा-बारा थर. हिब्रूत दफनभूमीला 'जीवनाचं घर' असंही म्हणतात.

कोकणातले दगड त्यामानानं भाग्यवान. तिथली माणसं मारली गेली नाहीत, आपल्या पायांनी गेली. कुणी दगड उपटून रस्त्याला लावले नाहीत. नुसती वाचणारी माणसं उरली नाहीत, एवढंच.

आणि आपल्याकडं? साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी आमच्या घरच्या सगळ्यांच्या अस्थी गेल्या. आपल्यात दगड नाही, पाणी आहे. त्याच काठावर राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी कुणीही बोट करून दाखवतं. पण शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई, ज्यांनी वर्षानुवर्षं मोगलांची कैद सोसली आणि १७१९ साली परत आल्या, त्यांची समाधी तिथली नेमकी कोणती, हे दाखवून द्यायला अलीकडच्या काळात अभ्यासकांना जुने कागद धुंडाळावे लागले. महाराणीची ही गत, मग तुमच्या-माझ्या आजेसासूची काय कथा?

तर मैत्रिणींनो, एक काम सांगते. पैसे लागत नाहीत, कोकणात जावं लागत नाही. जमाखर्चाच्या वहीची मागची चार पानं राखून ठेवा. पानावर चार रकाने आखा: सासरचं नाव, माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव. पहिली ओळ स्वतःची. मग आई, सासू, आजी, आजेसासू. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा, सणाची वाट पाहू नका. नाव आठवत नाही म्हणाले, तर तिच्या हातचा पदार्थ विचारा, त्या दिवशी चुलीवर काय होतं ते विचारा. तिथून बाकीचं निघतं. आणि तुमच्या गावाबाहेर असे परक्या लिपीतले जुने दगड असतील, मग ते ज्यूंचे असोत, ख्रिस्त्यांचे असोत, पारशांचे असोत, तर त्यांची राखण कुणाकडं आहे ते विचारून, परवानगी घेऊन, एकदा फोटो तरी काढून ठेवा. सासूचा शब्द पाळणारी सून प्रत्येक गावात असेलच असं नाही.

नातीनं वहीतली ती चौकट भरली. मैत्रीण सांगत होती, नाव लिहून झाल्यावर पोरगी पेन तसंच धरून बसली आणि म्हणाली, "आजी, पण ती करायची काय काय?" तेव्हापासून फोनवर आमचं वालाचं प्रमाण चाललंय. तिकडं कडवे वाल मिळतात, पण मोड नीट येत नाहीत म्हणते. मी सांगितलंय, कोमट पाण्यात भिजव, फडक्यात घट्ट बांध आणि उबेला ठेव. गाठोडं मात्र मधेच सोडून बघायचं नाही.